एका पॉइंट गार्डची दोन पानं

सप्टेंबर २०२४ मध्ये मला एक नाव, एक जन्मवर्ष आणि एका क्लबचं नाव दिलं गेलं. "लिथुआनियातला पॉइंट गार्ड आहे. याचं काय आहे ते बघ." एवढंच. पॉइंट गार्ड म्हणजे बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेऊन संघाची चाल लावणारा खेळाडू. गेल्या आठवड्यात तोच मुलगा आमच्या कॉलेजच्या जिममध्ये पूर्ण सराव खेळला आणि मी वरच्या गॅलरीत कॅमेऱ्यामागे उभी राहून त्याला पाहत होते. मधल्या वर्षभरात काय काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण मी सुरुवात केली तेव्हा असं काही वाचायला मला मिळालं नव्हतं.

आधी माझ्याबद्दल थोडंसं. मी अमेरिकेत मास्टर्स करते आहे, संख्याशास्त्रात. स्वतः कॉलेजपर्यंत बास्केटबॉल खेळले आहे, पॉइंट गार्ड म्हणूनच. इथल्या पुरुष संघाला व्हिडिओ कापणारी, आकडे लावणारी विद्यार्थी मदतनीस हवी होती, म्हणून अर्ज केला आणि काम मिळालं. माझा व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा. त्यामुळे सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. स्काउटिंगचे, म्हणजे नव्या खेळाडूंची पारख करण्याचे तासही त्यातच धरायचे. आपल्याला आवडतं म्हणून रात्री जास्तीचं करून टाकू, असं चालत नाही. मी पहिल्या दिवसापासून वहीत तास लिहीत गेले आणि ती वही दोनदा उपयोगी पडली.

काम हातात आल्यावर मी सर्वात आधी व्हिडिओ उघडला नाही, कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या कार्यालयात गेले. हा सल्ला आमच्या सहायक कोचनी दिला होता आणि मीही तो प्रत्येकाला देईन. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या श्रेणीत, खेळाडूशी कोण बोलू शकतं, कोण त्याला बघायला जाऊ शकतं, याचे नियम बारीक आहेत. माझ्यासारख्या विद्यार्थी मदतनीसाने मुलाला फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, प्रत्यक्ष सामना बघायला जायचं नाही. त्याच्या पोस्टखाली 'छान खेळलास' असंसुद्धा लिहायचं नाही. व्हिडिओ बघायचा, आकडे काढायचे, कोचना द्यायचे, इतकंच. वीस मिनिटांची ती भेट झाली नसती, तर उत्साहाच्या भरात माझ्याकडून काहीतरी चुकीचं नक्की झालं असतं.

मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा, राष्ट्रीय संघात कधी न आलेला. तो खेळत होता एन.के.एल.मध्ये, म्हणजे लिथुआनियाच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये. तीस लाखांहून कमी वस्तीच्या या देशाने १९९२, १९९६ आणि २००० अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं आहे. तिथली दुसरी श्रेणी म्हणजे हौशी मंडळींचा खेळ नव्हे. आणि तिथून अमेरिकन कॉलेजात येण्याची वाटही जुनी आहे. शारूनस यासिकेविचस हा गार्ड मेरीलँडला चार वर्षं खेळला, एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कुणी घेतलं नाही, आणि पुढे त्याने तीन वेगवेगळ्या क्लबांकडून मिळून युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा चार वेळा जिंकली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लिथुआनियाने अमेरिकेला ९४-९० असं हरवलं, त्यात २८ गुण त्याचे होते. हे सगळं मी पहिल्या रात्रीच वाचून काढलं. आता वाटतं की त्या रात्री त्यापेक्षा एक सामना बघायला हवा होता.

पहिला अडथळा व्हिडिओचा. मुलाच्या प्रतिनिधीने कोचकडे साडेतीन मिनिटांची हायलाइट फीत पाठवली होती. ती बघून मी भारावून गेले आणि दुसऱ्या दिवशी ती बाजूला ठेवली. हायलाइटमध्ये प्रत्येक पास पोचतो. मला पूर्ण सामने हवे होते. संघाकडे व्हिडिओ सेवेची वर्गणी होती, त्यात आदल्या हंगामाचे सहा सामने मिळाले. चालू हंगामाचे जसजसे होत गेले तसतसे येत राहिले. एका सामन्याचा कॅमेरा कोपऱ्यात कुठेतरी ठेवलेला, अर्ध्या वेळा कमजोर बाजू, म्हणजे चेंडू नसलेली बाजू, दिसायचीच नाही. एका सामन्यात घड्याळच फ्रेममध्ये नव्हतं, त्यामुळे प्रत्येक पझेशनला, म्हणजे संघाकडे चेंडू असण्याच्या प्रत्येक पाळीला, मी स्वतः सेकंद मोजले. चाळीस मिनिटांचा एक सामना नीट बघायला मला सुरुवातीला साडेपाच तास लागायचे. नंतर तीन.

माझा स्वतःचा खर्च फार नव्हता. व्हिडिओ साठवायला बाहेरची हार्ड डिस्क घेतली, ६५ डॉलर. बाकी संघाचं.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे मी पहिल्यांदा घसरले. लीगच्या आकडेवारीत ११ सामन्यांनंतर त्याची सरासरी होती सामन्याला सात गुण. मी मनात म्हटलं, सातच? आमच्याकडे येणाऱ्या शाळकरी मुलांच्या नावापुढे पंचवीस-तीस लिहिलेलं असतं. मग सामने बघताना लक्षात आलं की त्याच्यासमोर उभा असणारा माणूस तीस वर्षांचा, दाढीवाला, दहा हंगाम खेळलेला आहे. हा मुलगा वीस मिनिटं खेळतो आणि त्यातली निम्मी पझेशन दुसऱ्या गार्डच्या हातात असतात. मोठ्या माणसांत मिळवलेले सात आणि आपल्या वयाच्या मुलांत मिळवलेले तीस, यांची तुलना एकाच तक्त्यात करायची नाही.

दुसरी गंमत असिस्टची, म्हणजे ज्यातून लगेच गुण होतात अशा पासची. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या पद्धतीत, पास मिळालेल्या खेळाडूवर फटका मारताना फाऊल झाला आणि त्याने फाऊलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फटक्यांपैकी (फ्री थ्रो) एक जरी घातला, तरी पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. अमेरिकन कॉलेजांत तो मिळत नाही. सतरा सामन्यांत त्याचे अधिकृत असिस्ट ५८ होते. मी प्रत्येक पास पुन्हा बघून कॉलेजच्या हिशेबाने मोजले तर ४९ भरले. टर्नओव्हर, म्हणजे चेंडू गमावणं, ४१. म्हणजे एका टर्नओव्हरमागे १.४ असिस्ट ही गोष्ट १.२ वर आली. मुलगा तोच, पास तेच. पण मी ५८ चा आकडा तसाच उचलून ठेवला असता, तर कोचनी त्याची तुलना आमच्या गार्डशी केली असती आणि ती चुकीची ठरली असती.

तीन गुणांच्या फटक्यांत ५२ पैकी १५, म्हणजे २९ टक्के. इथेही लगेच 'शूटर नाही' असा शिक्का मारायचा मोह होतो. पण ५२ प्रयत्न फारच थोडे. फ्री थ्रोमध्ये तो ५६ पैकी ४८ होता, ८६ टक्के. लहान वयात, थोड्या सामन्यांवरून हाताची जात ओळखायची तर फ्री थ्रोवर मी जास्त विश्वास ठेवते. शिवाय ५२ पैकी १९ फटके शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारायला मिळणारी वेळ, संपताना नाइलाजाने मारलेले होते. रेषेचं अंतर मात्र दोन्हीकडे सारखं, ६.७५ मीटर. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलने ते २०१९-२० पासून स्वीकारलं आहे, त्यामुळे ती एक काळजी मिटली.

नियमांतले फरक मी एका वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते. शॉट क्लॉक फिबात चोवीस सेकंद, इथे तीस. फिबात आठ सेकंदांत चेंडू अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायचा, इथे दहा. हुकलेला फटका आक्रमण करणाऱ्याच संघाने परत पकडला (आक्रमक रिबाउंड) की तिकडे घड्याळ चौदावर येतं, इथे वीसवर. तिकडे टाइमआउट फक्त कोच मागतो, इथे अडचणीत सापडलेला खेळाडूही चेंडू हातात धरून मागू शकतो. एनबीएत बचावपटूला रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त नुसतं उभं राहता येत नाही, तो नियम फिबातही नाही आणि कॉलेजातही नाही. म्हणून बास्केटखाली गर्दी दोन्हीकडे सारखीच. गार्डला ही गर्दी वाचता येते का हे तिकडच्या व्हिडिओवरून इथल्यासाठी बऱ्यापैकी सांगता येतं. मला हे समजायला वेळ लागला.

८ डिसेंबरला मी पहिला मसुदा दिला. नऊ पानं. रंगीत आलेख, फटक्यांचे नकाशे, सगळं. सहायक कोचनी तो दुसऱ्या दिवशी परत केला. वर पेनाने एकच ओळ होती: चूक केल्यानंतरची पुढची तीन पझेशन दाखव.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी फाइल उघडलीच नाही. सेमिस्टरच्या परीक्षाही होत्या. मग सुट्टीत, कॅम्पस रिकामं असताना, एकेक टर्नओव्हर काढून त्यानंतरचे तुकडे एकामागे एक जोडत बसले. आणि त्या जोडकामात मला जे दिसलं ते नऊ पानांत कुठेच नव्हतं.

आदल्या हंगामाच्या सहा सामन्यांत तो चूक झाली की लपायचा. बचावाला धावत मागे यायचा, त्यात कधीच कसर नाही. पण पुढच्या आक्रमणात चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेला की लगेच दुसऱ्या गार्डला देऊन कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. हात गुडघ्यांवर. मागायचाच नाही. पॉइंट गार्डने चेंडू मागायचं सोडलं की बाकी चौघांना ते जागच्या जागी कळतं. मी स्वतः ते केलं आहे, म्हणून ओळखू आलं.

आणि मग जानेवारी २०२५ मधला एक सामना. दुसरा क्वार्टर. तो डाव्या बाजूने स्क्रीनवरून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या असलेल्या सोबत्याला घासून, निघतो, उंच सेंटरला खालून टप्पा पास देतो, बचावपटूचा हात लागतो आणि चेंडू जातो. तो मागे पळतो, बास्केटसमोर दोन्ही हात सरळ वर करून उभा राहतो, फाऊल करत नाही, समोरच्याचा लेअप हुकतो. आता चेंडू पुन्हा याच्याकडे. मी श्वास रोखून बघत होते की कोपऱ्यात जातो का. तो चालत येतो, मूठ वर करतो, म्हणजे तीच चाल. तीच डावी बाजू, तोच सेंटर. फक्त या वेळी स्क्रीन ओलांडल्यावर तो अर्धा क्षण थांबतो. मागून येणारा बचावपटू त्याच्या पाठीला चिकटतो, याने त्याला पाठीवरच धरून ठेवलेलं असतं. समोरच्या उंच बचावपटूला आता ठरवावंच लागतं, याच्यावर यायचं की मागे राहायचं. तो एक पाऊल पुढे टाकतो आणि पास त्याच्या काखेखालून जातो. डाव्या हाताने. तो तुकडा मी तीस-चाळीस वेळा बघितला असेल.

दुसरा रिपोर्ट २० जानेवारीला दिला. दोन पानं आणि चौदा तुकडे. त्यात वाईट गोष्टीही सरळ लिहिल्या. उजवीकडे जाताना तो बास्केटपर्यंत पोचतो, डावीकडे जाताना आठ-दहा फुटांवर थांबून फटका मारतो. उंच बचावपटू मागे राहिला, ज्याला सगळे ड्रॉप म्हणतात, तर त्याचं बरं चालतं. पण दोघांनी मिळून चेंडूवर झडप घातली की पास उंच आणि हळू जातो. खांदे अजून मुलाचेच आहेत, ताकदवान गार्ड त्याला धक्का देऊन मार्ग बदलायला लावतो. आणि शेवटी एक परिच्छेद फक्त चुकीनंतरच्या पझेशनवर, आदल्या हंगामापासून जानेवारीपर्यंत काय बदललं त्यावर. पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना मी म्हणेन की ज्या सामन्यात खेळाडू वाईट खेळला तो सर्वात आधी बघा आणि सर्वात जास्त वेळा बघा.

फेब्रुवारीत सहायक कोच तिकडे जाऊन दोन सामने आणि एक सराव बघून आले. माझी दोन पानं घेऊन गेले होते. परत आल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. क्लबच्या यादीत १९३ सेंटिमीटर लिहिलेली उंची अनवाणी मोजल्यावर १८९ भरली. आणि बेंचवर बसल्यावर तो पूर्ण वेळ बोलत असतो, शेजारच्या वयस्कर गार्डला विचारत असतो. कॅमेरा चेंडूमागे जातो, बेंच त्यात येत नाही. मी उंची तपासून घ्यायला हवी होती, म्हणजे निदान 'यादीतली उंची, मोजलेली नाही' असं लिहायला हवं होतं. आता प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहिते.

मार्चमध्ये लेखी प्रस्ताव गेला, एप्रिलच्या शेवटी सही झाली. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा करार असायचा, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. आता शिष्यवृत्तीचा करारच सगळं काही. सही झाली म्हणजे काम झालं अशी माझी समजूत होती. खरी कागदपत्रं त्यानंतर सुरू झाली आणि विद्यार्थी व्हिसातून मी स्वतः गेलेली असल्यामुळे त्याच्या घरच्यांना समजावण्यासाठी कंप्लायन्सने मला जोडीला घेतलं.

एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, हिच्या पात्रता केंद्राला नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका लागतात, मूळ भाषेतल्या आणि सोबत प्रमाणित भाषांतर. डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी. तिकडे गुण दहापैकी देतात, ते इथल्या मापात बसवण्याचं काम केंद्र करतं. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ पासून नाही. भाषांतर घाईत साध्या अनुवादकाकडून करून घेतलं होतं, शिक्का नव्हता, म्हणून परत आलं. तीन आठवडे त्यात गेले. तुमच्या ओळखीत कुणी या वाटेवर असेल तर नववीतच गुणपत्रिका जपून ठेवायला सांगा.

मग हौशीपणाचा प्रश्न. क्लबमध्ये पगारी खेळाडूंबरोबर खेळणं चालतं, पण मुलाला प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त पैसे मिळालेले नसावेत. त्याला क्लबकडून दरमहा ३०० युरो मिळायचे. ते खोलीभाडं आणि जेवणात जात होते, हे दाखवायला त्याच्या आईने दोन वर्षांच्या पावत्या काढल्या. त्या माउलीने चपलेच्या खोक्यात सगळ्या ठेवलेल्या होत्या. खोक्याचा फोटो तिने मला पाठवला, तेव्हा मला तिला मिठी माराविशी वाटली.

१९ मेला आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा कागद, आला. ३५० डॉलर सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे भरले, १८५ व्हिसाचे. लिथुआनियाच्या लोकांना फिरायला येण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटत होतं की हे नुसतं फॉर्म भरण्याचं काम आहे. शिकायला यायचं तर एफ-१ लागतोच. तो शाळा-अखेरच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, म्हणून मुलाखतीची तारीख 'पेपर झाल्यावर घेऊ' असं ठरलं. आणि २७ मेला बातमी आली की विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं आहे. ज्यांच्या तारखा आधी ठरल्या होत्या त्यांच्या चालू राहिल्या. आठ दिवस आधी घेतली असती तर, हा विचार मी तीन आठवडे केला. तारीख आधी घ्या. परीक्षा असली तरी घ्या, बदलता येते.

१८ जूनला पुन्हा सुरू झालं, या अटीवर की सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची. ९ जुलैला व्हिल्नियसमध्ये मुलाखत झाली. पाच मिनिटं. पासपोर्ट पुढच्या आठवड्यात घरी. आय-२० वर सुरुवात १८ ऑगस्टची होती आणि त्याआधी तीस दिवसांपेक्षा लवकर देशात येता येत नाही. तो २८ जुलैला आला.

मधेच ६ जूनला तो मोठा न्यायालयीन निर्णय झाला, कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील असा. त्याच्या वडिलांनी विचारलं, आमच्या मुलाचं काय? एफ-१ वर काम करून पैसे घेण्याला मर्यादा आहेत हे मला माझ्यावरून माहीत होतं, पण त्यापुढचं उत्तर देणं माझं काम नव्हतं. मी तेच सांगितलं आणि त्यांना इमिग्रेशन वकिलाशी जोडून दिलं.

शाळा सोडल्याचा अंतिम दाखला पात्रता केंद्रात पोचून शेवटचा होकार यायला ५ सप्टेंबर उजाडला.

गेल्या आठवड्यातल्या सरावात पाच-पाच खेळवले. त्याने चेंडू घेतला आणि चार सेकंदांत अर्धी रेषा ओलांडली, मागे कुणी नसताना. स्क्रीन घेतला, काही मिळालं नाही, चेंडू फिरून पुन्हा त्याच्याकडे आला आणि त्याने घाईने, तोल जाताना, दूरवरून फटका मारला. रिंगला लागून बाहेर. मी घड्याळाकडे बघितलं. सहा सेकंद शिल्लक होते. चोवीस संपले होते, त्याच्या अंगातले.

हे माझ्या भिंतीवरच्या कागदावर होतं. रिपोर्टमध्ये नव्हतं.

तो धावत मागे गेला, बचाव केला. रिबाउंड त्याच्याच संघाला मिळाला, चेंडू पुन्हा त्याच्या हातात आला. या वेळी तो चालत पुढे आला. अर्ध्या रेषेजवळ त्याने मान वर करून घड्याळ वाचलं आणि मूठ वर केली.